ऑक्टोबर छाटणी सोडून त्रेवीला

शुक्रवार, 25 ऑक्टोबर 2024

द्राक्षवाल्यानं ऑक्टोबरात घर सोडू नये, हा आमच्या तासगाव भागातला अलिखित कायदा. लग्न असो, मयत असो, छाटणी आधी. चाळीस वर्षं मी तो पाळला. यंदा परतीच्या पावसानं छाटणी लांबली, निम्मी बाग राहिलेली, आणि मी मात्र दुबईमार्गे रोमच्या विमानात. लेकीनं तीन महिने आधीच तिकिटं काढून ठेवली होती. म्हणाली, "आबा, माझी पहिली सुगी आहे. तुम्ही दोघं नाही आलात तर दाखवू कुणाला?"

सुगी! पोरीचा पाय शेतात पडू नये म्हणून मी तिला सांगलीला हॉस्टेलवर ठेवलं, पुण्यात इंजिनियर केलं, कर्ज काढून इटलीला पाठवलं. मिलानमध्ये ती नोकरीला लागली, पुढं जावईही तिथंच आले. दहा वर्षं सगळं सरळ चाललं होतं. मग दोन वर्षांपूर्वी या दोघांनी उंब्रिया नावाच्या डोंगराळ प्रांतात एक पडकं घर आणि ऑलिव्हची 140 झाडं विकत घेतली. डागडुजी करून यंदाच्या वसंतात तिथं राहायलाच गेले. जावई घरातूनच कॉम्प्युटरवर नोकरी करतात, लेकीनं सोडली. गावात मी अजून कुणाला खरं सांगितलेलं नाही. 'बदली झाली' एवढंच म्हणतो.

विमानतळावर जावई न्यायला आले होते. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर त्यांनी कागदी तिकिटं घेतली आणि फलाटावरच्या यंत्रात खटकन शिक्के मारून आणले. तिकीट काढलं तरी शिक्का नसेल तर दंड. मला हे आवडलं. गाडी तेर्नी ओलांडून, बोगदे पार करून एका लांबट खोऱ्यात उतरली आणि उजव्या हाताला डोंगरच्या डोंगर राखाडी-हिरवे दिसायला लागले. आधी वाटलं धुकं आहे. ते सगळं ऑलिव्ह होतं. त्यातच एका टेकडीवर, शंखाला वळसे असतात तशी घरं गुंडाळत वर गेलेली.

"मामा, ती त्रेवी," जावई म्हणाले. "रोमच्या कारंज्याचं नाव तेच, पण गाव हे वेगळं. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा आधी कारंजं शोधतो."

फोलिन्योला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. घर कसं आहे ते उद्या बघू म्हटलं आणि झोपलो.

शनिवार, 26 ऑक्टोबर

सकाळी बघितलं. मी ज्याला पडकं म्हणत होतो ते आमच्या वाड्यापेक्षा दणकट निघालं. दोन हात जाडीच्या दगडी भिंती, वर कौलं, बाहेरून चढणारा दगडी जिना. खाली मोठी दालनं, वर राहती घरं. खालच्या भिंतीत लोखंडी कड्या बघितल्या आणि हिनं लगेच ओळखलं, "अगं, हा गोठा आहे!" खरंच गोठा. खाली बैल, वर माणसं, म्हणजे जनावरांची ऊब हिवाळ्यात वर चढायची. या भागातली जुनी शेतघरं सगळी अशीच बांधलेली. अंगणात भाकरीची म्हणावी तर पावाची भट्टी, विटांच्या घुमटाची. आता गोठ्यात जावयांचं ऑफिस आहे. जिथं दावं बांधायचे त्या कडीला त्यांनी चार्जरच्या वायरी अडकवल्यात.

जमीन एक हेक्टर वीस आर. मी मनात हिशोब केला, तीन एकराला दीड गुंठा कमी. उतार एवढा की आमच्याकडे असल्या रानात शेळीसुद्धा विचार करून चढेल. माती म्हणजे चुनखडीचा चुरा. प्रत्येक झाडाच्या खालच्या अंगाला दगडांची अर्धगोल ताल घातलेली, माती वाहू नये म्हणून. कोणत्या पिढीनं रचली कुणास ठाऊक. असिसीपासून स्पोलेतोपर्यंतचा हा सगळा ऑलिव्हचा उतार जागतिक अन्न व कृषी संघटनेनं 2018 मध्ये शेतीचा वारसा म्हणून नोंदवलाय, असं लेकीनं सांगितलं. वारसा ठीक आहे. ट्रॅक्टर चढत नाही, हे मी सांगितलं.

झाडं बघून मात्र कोड्यात पडलो. एका बुंध्यातून एक खोड यावं, तर इथं तीन-तीन, चार-चार, गोलात उभी. जणू कुणी झाडांची पंगत बसवलीय. शेजारचे आजोबा काठी टेकत आले, वय पंच्याऐंशीच्या पुढं. त्यांनी उत्तर दिलं, लेकीनं मराठी केलं. 1985 च्या जानेवारीत असा बर्फाचा गारठा पडला की साली फुटून झाडं उभीच्या उभी मेली. लोकांनी ती जमिनीलगत कापली. मुळं जिवंत होती. जे कोंब आले त्यातले तीन-चार ठेवले, तीच ही खोडं. असाच गारठा 1956 मध्येही पडला होता.

"म्हणजे रिकट," मी म्हणालो. आमच्यात द्राक्षाचं रोप जोमदार यावं म्हणून परत खालून कापतात, त्याला रिकट घेणं म्हणतात. लेकीनं आजोबांना काय सांगितलं कळलं नाही, पण त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, घट्टे बघितले, आणि पहिल्यांदा हसले.

रविवार, 27 ऑक्टोबर

रात्री तीनचे दोन वाजले. इथं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागं घेतात. कालपर्यंत गावापासून साडेतीन तास मागं होतो, आज साडेचार. मुलाला फोन लावला तर तो जेवणाच्या सुट्टीत, वैतागलेला. छाटणीला माणसं मिळेनात. विधानसभेच्या प्रचाराला गेलं की रोजची मजुरी मिळते, जेवण वर, आणि उन्हात उभं राहायचं नाही. "आबा, तुम्ही असता तर चार माणसं तरी आली असती." मी फोन ठेवला आणि दिवसभर गप्प होतो.

बाकी आराम.

सोमवार, 28 ऑक्टोबर. वसुबारस

हिनं गोठ्यातल्या कडीला हळद-कुंकू वाहिलं. गाय नाही, वासरू नाही, कडी तर आहे. जावयांची मीटिंग चालू होती. त्यांच्या पडद्यावर माझी बायको निरांजन घेऊन मागून गेली आणि पलीकडचे चार देशांतले लोक बघत राहिले.

तोडणी सुरू झाली. झाडाखाली हिरवी जाळी अंथरायची, उताराच्या बाजूला काठ्या लावून तिची कड उचलायची, नाहीतर फळ घरंगळत पार स्टेशनात. मग लांब दांडीच्या टोकाला थरथरणारी बोटं असलेलं बॅटरीवरचं यंत्र फांद्यांतून फिरवायचं. पावसासारखं फळ पडतं. खाली राहिलेलं आम्ही दोघं हातानं ओरबाडत होतो. जात मोराइओलो, फळ बोराएवढंही नाही, करवंदाच्या जवळपास. निम्मं हिरवं, निम्मं जांभळं. मी एक तोंडात टाकलं आणि थुंकलं. निंबोळी बरी. तसं झाडावरचं ऑलिव्ह कुणीच खात नाही, मिठाच्या पाण्यात आठवडे मुरवावं लागतं, हे मला तोंड कडू झाल्यावर सांगण्यात आलं.

फळाला बारीक टोचा दिसला की लेक बाजूला काढत होती. फळमाशी. आंब्यातल्या आमच्या माशीची चुलत बहीण, ती फक्त ऑलिव्हच धरते. माशी पकडायच्या, आमच्या रक्षकसापळ्यासारख्या बाटल्या झाडाला टांगलेल्या बघून मला कोकणातला माझा साडू आठवला.

दुपारी शेजारचे आजोबा आले, जाळीच्या कडेला दगडावर बसले आणि बोलत राहिले. ही संध्याकाळ माझ्या लक्षात राहील म्हणून सविस्तर लिहितो.

आजोबांचा जन्म अशाच घरातला, पण घर त्यांचं नव्हतं. जमीन मालकाची, घर मालकाचं, निम्मं बी-बियाणं मालकाचं, कष्ट सगळे यांचे, आणि पीक निम्मं-निम्मं. या पद्धतीला मेद्झाद्रिया म्हणायचे. मेद्झो म्हणजे अर्धा. मी म्हटलं, "अर्धलीनं शेत!" तंतोतंत तेच. निम्मं द्यायचं ते द्यायचं, शिवाय सणाला कोंबडे, अंडी वाड्यावर पोचवायची. घरात पंधरा-वीस माणसं. एक कर्ता पुरुष, तो मालकाशी बोलणार. एक कर्ती बाई, तिच्या ताब्यात कोंबड्या आणि कणगी. कारभारी आणि कारभारीण, हिनं मध्येच भाषांतर केलं, लेकीला करावंच लागलं नाही.

लढाईनंतर चळवळी झाल्या. 1947 मध्ये कुळाचा वाटा पन्नासाचा त्रेपन्न टक्के झाला. मग 1964 च्या कायद्यानं अठ्ठावन्न केला, आणि नवे अर्धलीचे करार करायलाच बंदी घातली. मी विचारलं, मग जमिनी कुळांच्या झाल्या का? आमच्याकडे 1 एप्रिल 1957 ला कूळ मालक झालं. माझ्या आज्याची निम्मी जमीन अशीच आलेली, त्या तारखेला आमच्या घरी अजून नारळ फुटतो. आजोबा म्हणाले, नाही, कायद्यानं फुकट काही मिळालं नाही. ज्याला कर्ज काढून घेता आली त्यानं घेतली. त्यांच्या थोरल्या भावानं घेतली. आणि अठ्ठावन्न टक्के मिळायला लागले तेव्हा घरात खायला उरलं होतं कोण? पोरं सगळी फोलिन्योच्या रेल्वे वर्कशॉपला. ते स्वतःही. महिन्याचा पगार, रविवारची सुट्टी, नळाचं पाणी. डोंगरावरची घरं एकेक करत रिकामी झाली. लेकीचं घर त्यातलंच. चाळीस वर्षं त्यात कबुतरं होती.

मग ते लेकीला काहीतरी म्हणाले आणि ती हसली. मी विचारलं काय म्हणाले? "म्हणतात, आम्ही ज्या घरातून पळालो त्यात ही पोरं पैसे भरून राहायला आली."

मला वाटलं माझंच वाक्य कुणीतरी इटालियनमध्ये म्हटलं. आणि कुणाला न सांगता मी त्यांना आपल्या बाजूचा माणूस धरलं.

मंगळवार, 29 ऑक्टोबर. धनत्रयोदशी

दोन दिवसांत 22 क्रेट भरले. तोडलेलं फळ शक्यतो चोवीस तासांच्या आत घाण्यावर गेलं पाहिजे, ढिगात तापलं की तेलाची आंबटी वाढते. म्हणून काल सकाळी तोडलेलंसुद्धा लेक दर तासाला हात घालून बघत होती. मी बेदाण्याच्या रॅकवर असाच हात घालतो. तिनं कधी बघितलं होतं, देव जाणे.

घाण्याला फ्रांतोयो म्हणतात. रात्री नऊचा नंबर लागला, प्रत्यक्षात साडेदहा वाजले. बाहेर गाड्यांची रांग, आत स्टीलची यंत्रं, आणि वास... ताज्या कापलेल्या गवताचा, कच्च्या टोमॅटोच्या पाल्याचा. गुऱ्हाळावर जशी माणसं काहिलीभोवती जमतात तशी इथंही जमलेली, प्रत्येकाची नजर आपल्या क्रेटवर. माझ्या मालात दुसऱ्याचा मिसळत नाही ना! हे जगभर एकच.

वजन 480 किलो. पाला उडवून, धुऊन फळ आठळीसकट भरडलं जातं. मग तो लगदा बंद टाकीत हळूहळू अर्धा-पाऊण तास फिरतो, तापमान 27 अंशांच्या खाली. गरम केलं तर तेल जास्त सुटतं, पण वास उडतो. पुढं गोल फिरणाऱ्या यंत्रात चोथा, पाणी आणि तेल वेगळं होतं. शेवटच्या नळीतून पहिली धार आली तेव्हा लेकीनं जावयांचा हात धरलेला मी बघितला, आणि दुसरीकडे बघितलं.

रंग तेलाचा नव्हेच. घट्ट हिरवा, पालकाच्या रसासारखा, गढूळ.

उतारा तेरा टक्के. म्हणजे 62 किलो 400 ग्रॅम, लिटरमध्ये 68. घाण्याचे 96 युरो. जाळ्या, यंत्र, क्रेट यांचा खर्च मी विचारला आणि तिथंच, भिंतीला टेकून, मनातल्या मनात लिटरचा भाव काढला. काढला आणि गप्प बसलो. सणाचा दिवस होता.

कोपऱ्यात शेकोटी होती. पावाचे काप भाजून, त्यावर लसूण घासून, मीठ भुरभुरून लोक नवं तेल ओतून खात होते. इथला पाव बिनमिठाचा असतो. लोक सांगतात, पोपनं मिठावर कर वाढवला तेव्हा इथल्या पेरूज्या शहरानं बंड केलं आणि रागानं मीठच सोडलं. 1540 मध्ये मिठावरून खरंच लढाई झाली होती, पावाचं खरं-खोटं कुणालाच ठरवता आलेलं नाही. मला दिलेला तुकडा मी खाल्ला. आधी कडसर, मग गळ्यात उतरल्यावर ठसका! चांगला दोन-तीनदा खोकलो. भोवतालची माणसं खूश. नव्या तेलानं ठसका लागला म्हणजे तेल उत्तम, असं मानतात. ही म्हणाली, "ठेच्याला तेल लागतं, यांच्या तेलातच ठेचा आहे."

घरी यायला एक वाजला. धन म्हणून पूजेत तेलाचा डबा ठेवला.

बुधवार, 30 ऑक्टोबर

सकाळी सातच्या सुमाराला आजोबा अंगणात उभे दिसले, काठी टेकून, काही न करता. सात चाळीस झाले, मग ते घरी गेले.

2016 च्या याच तारखेला, सात वाजून चाळीस मिनिटांनी, डोंगरापलीकडच्या नोर्चाजवळ साडेसहा रिश्टरचा भूकंप झाला. सेंट बेनेडिक्टचा जन्म ज्या गावातला, तिथलं त्याच्या नावाचं चर्च कोसळलं, पुढची भिंत तेवढी राहिली. पण माणसं वाचली, कारण ऑगस्टमधल्या पहिल्या भूकंपात अमात्रीचे नावाच्या गावात आणि आसपास सुमारे तीनशे माणसं गेली होती, आणि त्यानंतर लोक आधीच घरं सोडून बाहेर पडले होते.

घराच्या बाहेरच्या भिंतींवर लोखंडी पट्ट्या आहेत, त्या मी शोभेच्या समजत होतो. त्या शोभेच्या नाहीत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आरपार लोखंडी गज घातलेत, त्यांची ती टोकं. भिंती बाहेर फाकू नयेत म्हणून. मी 1993 मध्ये किल्लारीला गेलो होतो, आमच्या गावातून भाकरी घेऊन ट्रक गेले होते त्यातल्या एकात. अशाच जाड दगडी भिंती, मातीत रचलेल्या. मी जावयांना म्हणालो, "गज किती जाडीचे? नट वर्षातून एकदा तपासता का?" ते म्हणाले, तपासतो. मी स्वतः शिडी लावून दोन बघितले.

गुरुवार, 31 ऑक्टोबर

नरकचतुर्दशी. पहाटे अभ्यंगस्नान, उटणं तासगावचं, तेल घरचं म्हणजे इथलं. कारीट नव्हतं, लेकीनं पायाखाली एक कच्चं ऑलिव्ह फोडलं. कडू तर आहेच.

खोऱ्यात दाट धुकं होतं. झाडं दुपारपर्यंत ओली राहिली, तोडणी बंद. मग चकल्या तळायला बसल्या दोघी, आणि मी इतके दिवस मनात असलेलं विचारलं. परदेशी माणसाला यांनी शेतजमीन दिली कशी? आमच्याकडे शेतकरी असल्याचा दाखला नसेल तर महाराष्ट्रात गुंठाभर शेत घेता येत नाही.

लेक म्हणाली, दाखला कुणी मागितला नाही. दहा वर्षं कायदेशीर राहतोय, कर भरतोय, तेवढं पुरलं. सर्व्हेअरनं नकाशा आणि प्रत्यक्ष घर जुळतंय का ते तपासलं. नकाशात नसलेलं एक न्हाणीघर निघालं, त्यात चार महिने गेले. मग नोटरी. इथला नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणारा नव्हे, मोठा अधिकारी माणूस, सगळा दस्त मोठ्यानं वाचून दाखवतो.

"पण त्याच्या आधी एक अडचण होती," ती चकली सोडता सोडता म्हणाली. "इथं शेत विकायचं तर लगतच्या कसणाऱ्या शेतकऱ्याचा पहिला हक्क असतो. त्याला रीतसर कळवायचं, तीस दिवस थांबायचं. त्याला हवं असेल तर तेवढ्याच पैशात त्याचं. शेजारच्या आजोबांचा मुलगा कसतो ना, त्याचा हक्क होता. आम्ही धाकधुकीत. आजोबांनी मुलाला सांगितलं, पोरं राहायला येतायत, घराला दिवा लागेल, सोड. मग त्यानं लिहून दिलं." कढईतली चकली उलटवून ती म्हणाली, "आबा, त्यांनी हक्कसोड दिली म्हणून मला जमीन मिळाली."

ती सहज बोलली. मला खात्री आहे, सहजच बोलली.

2016 मध्ये, ती सुट्टीला आली होती तेव्हा, मी तिला तासगावच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं होतं. लग्नाच्या आधी उरकून घेऊ म्हटलं होतं. सगळेच घेतात, आमच्या भावकीत एकाही लेकीचं नाव सातबाऱ्यावर नाही. तिनं काही विचारलं नाही. अंगठा लावला, सही केली, फोटो काढला. बाहेर आल्यावर मी तिला उसाचा रस पाजला होता.

हिनं माझ्याकडे बघितलं. मी उठून धुकं किती आहे ते बघायला बाहेर गेलो.

शुक्रवार, 1 नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन

इथंही आज सुट्टी, सगळ्या संतांचा दिवस. दुकानं बंद, पण फुलवाले उघडे. आणि काय फुलं! शेवंती, शेवंती, शेवंती. पिवळी, पांढरी, जांभळी, ढिगानं. हिला कोण आनंद झाला. सहा कुंड्या घेऊन आलो, दाराला पिवळ्या शेवंतीचं तोरण बांधलं, उंबऱ्यावर दोन्हीकडे कुंड्या.

अर्ध्या तासात शेजारच्या आजी धावत आल्या, तोंडावर हात. घरात कोण गेलं?

शेवंती इथं फक्त मयताची. 2 नोव्हेंबरला मृतांचा दिवस, त्यासाठी ती कबरीवर न्यायची असते. घरात कुणी आणत नाही, आणि भेट म्हणून तर चुकूनही नाही. लेकीला हे माहीत होतं, पण ती बाजारात आमच्याबरोबर नव्हती, आणि जावयांना फुलातलं काही कळत नाही. खूप हसणं झालं. तोरण मात्र हिनं काढलं नाही. "आमच्या लक्ष्मीला चालते," म्हणाली. आजींना ते पटवून दिलं, चकली दिली. त्यांनी दुसरी मागितली.

पाच वाजताच दिवस मावळला. पणत्यांत नवं तेल घातलं. एवढ्या महागाचं तेल जाळायचं म्हणून मी कुरकुरलो, तर जावई म्हणाले, "मामा, तळाचं गाळाचं आहे." शेतकरी होतोय माणूस. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पणती. खालच्या रस्त्यावर दोन गाड्या थांबून बघून गेल्या.

शनिवार, 2 नोव्हेंबर. पाडवा

हिनं मला ओवाळलं, लेकीनं जावयांना. मग उरलेल्या चार कुंड्या घेऊन आम्ही सगळे आजी-आजोबांबरोबर कबरस्तानात गेलो. भिंतीत कप्पे, प्रत्येकावर फोटो, प्रत्येकापुढं छोटा दिवा. आजोबांनी थोरल्या भावाच्या कप्प्यापुढं कुंडी ठेवली. जमीन घेतलेला तोच.

येताना मी विचारलं, वर्ष कधी धरायचे इथं? म्हणजे आमच्याकडे सालगडी पाडव्याला ठेवतात, गुढीपाडव्याला साल संपतं. आजोबा म्हणाले, 11 नोव्हेंबर, सान मार्तीनो. त्या दिवशी अर्धलीचं वर्ष संपायचं. मालकानं काढलं तर कुटुंबानं गाडीत भांडी, गाद्या, कोंबड्या भरून दुसरं घर बघायचं. त्यांच्या घराण्यानं तीनदा गाडी भरली होती.

दुपारी उरलेली झाडं. मी गावाहून आणलेली माझी छाटणीची कात्री काढली आणि बुंध्याशी फुटलेले फोकाट कोंब काढत सुटलो. चाळीस झाडं केली. आजोबा मागून बघत होते. एका ठिकाणी त्यांनी काठीनं थांबवलं, एक कोंब ठेवायला लावला. त्या झाडाचं एक खोड पोकळ झालंय, पुढं मागं त्याची जागा हा घेईल. बरोबर होतं त्यांचं.

रविवार, 3 नोव्हेंबर. भाऊबीज

सकाळी व्हिडिओवर भाऊबीज झाली. मुलानं फोन ताटासमोर धरला, लेकीनं इथून ओवाळलं. तो म्हणाला, "छाटणी संपली ताई. पेस्टिंग चालू आहे, काडीला औषध लावतोय. ओवाळणी काय पाठवू?" ती म्हणाली, "दोन पोती बेदाणे." तो हसला. तसं त्याचंही काही चुकलेलं नाही, तेव्हा तो कॉलेजात होता.

नंतर खोऱ्याच्या पलीकडच्या मोन्तेफाल्कोला. गावातल्या जुन्या चर्चमध्ये संत फ्रान्सिसच्या आयुष्यावरची 1452 ची भित्तिचित्रं आहेत, ती सगळ्यांनी बघितली. मी अर्धी बघून बाहेर आलो. मला बागा बघायच्या होत्या.

साग्रान्तीनो जातीची द्राक्षं. फळ गेलेलं, पानं लालभडक. आमच्यासारखा मांडव नाही, तारांवर उभी ओळ, कमरेएवढी. पण एका सिमेंटच्या खांबावर निळसर डाग दिसला आणि मी खाली वाकून नखानं खरवडला. मोरचूद! बोर्डो मिश्रण, चुना आणि मोरचूद, इथंही तेच. 2023 च्या मे-जूनमध्ये पाऊस थांबेना आणि डाऊनी रोगानं मध्य इटलीतल्या बागा नेल्या, असं बागेच्या मालकानं सांगितलं. डाऊनीला ते पेरोनोस्पोरा म्हणतात. रोगाचं नाव वेगळं, सांगताना चेहरा तोच होतो.

त्यांच्या माडीवर द्राक्षं वाळत घातली होती, लाकडी चौकटीवर, घडच्या घड. कमीत कमी साठ दिवस वाळवायची, मग त्यांची गोड वाइन. मी सांगितलं, आमच्याकडे पंधरा दिवसांत बेदाणा तयार होतो. त्यांना विश्वास बसेना. ऊन काय असतं ते त्यांनी तासगावला येऊन बघावं.

सोमवार, 4 नोव्हेंबर

बॅग भरली. तीन लिटरचा तेलाचा डबा कपड्यांत गुंडाळला. कात्री लेकीच्या खुंटीला टांगली. घरी आणखी आहेत.

लिटरचा भाव मी तिला सांगितला नाही. तिनंच सांगितला. वहीत सगळं लिहिलेलं, माझ्यापेक्षा चोख, यंत्राचा घसाराही धरलेला. तोटा आहे. तीन वर्षं राहील असं तिनं लिहून ठेवलंय, तोवर जावयांचा पगार. चौथ्या वर्षी गोठ्याच्या उरलेल्या भागात दोन खोल्या पाहुण्यांना. मी वही परत दिली आणि म्हणालो, "रानडुकराचं कुंपण धरलं नाहीस." तिनं ते लिहून घेतलं.

निघताना तिनं घाण्याची पावती हातात दिली. विमानतळावर कुणी तेल कुठलं विचारलं तर असावी. मी ती गाडीत बसल्यावर बघितली. तारीख, 480 किलो, तेरा टक्के. वर नाव. तिचं नाव, आणि पुढं माझं आडनाव.

मी जावयांकडे बघितलं. ते म्हणाले, "मामा, इथं लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. ती विद्यार्थी म्हणून आली तेव्हा जे लागलं तेच सगळीकडे. घराच्या आणि शेताच्या कागदावरपण तेच आहे."

विमानतळावर कुणी काही विचारलं नाही.

घरी आल्यावर पावती सातबाऱ्याच्या फाईलला लावली, हक्कसोडपत्राच्या झेरॉक्सच्या वर.